ज्योती भट्ट : भिंतीवरील रेषा आणि कॅमेरा

स्वातंत्र्योत्तर भारतीय कलेचा इतिहास लिहिताना छायाचित्रणाची दखल बहुधा तळटीपेपुरतीच घेतली जाते. चित्रकार, मुद्राचित्रकार, छायाचित्रकार आणि अध्यापक ज्योती भट्ट यांच्याबाबतीत मात्र ही तळटीप मूळ संहितेइतकीच मोलाची आहे.

भावनगर येथे १९३४ साली जन्मलेल्या भट्ट यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ना. श्री. बेंद्रे आणि के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली कलाशिक्षण घेतले. नेपल्स व न्यूयॉर्क येथे पुढील शिक्षण घेऊन परतल्यावरही बडोदा हीच त्यांची कर्मभूमी राहिली. तेथे त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. १९६७ मध्ये भारतीय विद्या भवनाच्या एका परिसंवादासाठी गुजरातच्या लोककलेची छायाचित्रे काढण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि त्या निमित्ताने सुरू झालेला शोध पुढे दीर्घकाळ चालू राहिला. मित्र राघव कनेरिया यांच्या सोबतीने केलेल्या भ्रमंतीत सौराष्ट्रातील घरांच्या भिंती, राजस्थानातील मांडणे आणि त्यांच्या सान्निध्यात चाललेले दैनंदिन जीवन त्यांनी टिपले.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. अंगणातील रांगोळी पुसण्यासाठीच काढलेली असते. भिंतीवरील रेखाटनही नव्या सारवणाखाली जाते आणि सणाला पुन्हा अवतरते. पुनरावृत्ती हेच ज्या कलेचे जीवन, तिला एका क्षणात गोठविणे म्हणजे तिचे जतन की विपर्यास? भट्ट यांचे उत्तर त्यांच्या चौकटीत सापडते. ते आकृती भोवतालापासून तोडून घेत नाहीत. दारातली बाई, मूल, जनावर, भांडीकुंडी यांना तिच्याशेजारीच ठेवतात. त्यामुळे छायाचित्र केवळ नक्षीचा नमुना न राहता त्या नक्षीसह जगणाऱ्यांचा पुरावा बनते. अर्थात या पुराव्यालाही मर्यादा आहेत : कृष्णधवल छायाचित्रात गेरूची लाली उरत नाही.

विषय निवडणे, त्यांची संगती लावणे आणि ते इतरांना पाहावयास शिकविणे या तिन्ही क्रिया भट्ट यांच्या कार्यात एकच आहेत. बडोद्यातील सहकारी व विद्यार्थी यांचीही त्यांनी छायाचित्रे काढली. आज ती त्या कलासंस्थेच्या इतिहासाचे साधन ठरली आहेत. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बंगळुरूचे कला व छायाचित्रण संग्रहालय २०२३ मध्ये खुले झाले, तेव्हा तेथे त्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले होते. गावाच्या भिंतीवरील रेषा अशा रीतीने संग्रहालयाच्या भिंतीवर आली आहे. ती काढणारे हात मात्र बहुतांशी अनामच राहिले. त्यांचा शोध घेणे हे पुढील संशोधकांचे काम आहे.