पर्समधलं टाइमटेबल

मुंबईच्या लोकलचं वेळापत्रक पूर्वी कागदावरच असायचं. स्टेशनातल्या बुकस्टॉलवर पातळ पुस्तिका मिळे, गाडीत फेरीवाले घडीची टाइमटेबलं विकत. मी डोंबिवलीहून व्हीटीला नोकरीला जायचे तेव्हा पासाच्या प्लास्टिकच्या पाकिटात असलं एक टाइमटेबल कायम असायचं. अक्षर इतकं बारीक, की गर्दीत उभ्याने वाचायचं तर बोट ठेवूनच वाचावं लागे. जिथे गाडी थांबत नाही तिथे नुसती रेघ. त्या रेघांवरून फास्ट कुठली नि स्लो कुठली ते कळायचं.

रोजच्या गाडीला ते लागत नसे. आपली आठ-सतराची म्हणजे आठ-सतराची. उशीर झाला तर पाठोपाठची कुठली, हेही तोंडपाठ. अडायचं ते वाट बदलली की. कुर्ल्याला उतरून हार्बर धरायची, दादरला वेस्टर्नवर जायचं, किंवा रात्री उशिरा एकटीने परतायचं. मग फलाटावरचा इंडिकेटर आणि शेजारी उभी असलेली बाई, एवढाच आधार. त्या इंडिकेटरचीही एक भाषा होती, अजून आहे. कल्याणला 'के', ठाण्याला 'टी' हे समजण्यासारखं, पण कसाऱ्याला 'एन' आणि कर्जतला 'एस'! मुंबईत नवीन आलेल्या बाईला हे आम्हीच शिकवायचो. गाड्यांची माहिती तोंडोतोंडी पुढे देणं हा लोकलचा फार जुना रिवाज आहे, आणि पुढे जे घडलं ते त्या रिवाजातूनच घडलं असं मला मनापासून वाटतं.

2008 च्या सुमारास सचिन टेके या मुंबईकर सॉफ्टवेअर इंजिनिअरने 'एम-इंडिकेटर' हे लोकलच्या वेळापत्रकाचं मोबाइल ॲप तयार केलं. पाठीशी मोठी कंपनी नव्हती. ॲपलचं ॲप स्टोअर 2008 च्या जुलैत उघडलं आणि ऑगस्टमध्ये आयफोन भारतात आला, पण आमच्या डब्यात तो कुणाकडे असणार? हातोहाती होते बटणांचे नोकिया. एम-इंडिकेटर आधी चाललं ते अशाच जावाच्या फोनवर. त्या फोनात ॲपला जागा जेमतेम, पडदा काडेपेटीएवढा. जीपीआरएस महाग, त्यात धावत्या गाडीत रेंजचा भरवसा नाही. म्हणून सगळं वेळापत्रक ॲपच्या पोटातच भरलेलं होतं. कुठून कुठे ते निवडा, गाड्या समोर. इंटरनेट लागतच नसे. माझ्या मते एम-इंडिकेटर घरोघरी पोचलं ते या एका निर्णयामुळे. डब्यात उभं राहून काय चालेल आणि काय नाही, हे ठाऊक असलेल्या माणसाचाच तो निर्णय होता.

माझ्या फोनवर ते आलं ब्लूटूथने. मुलुंड गेलं होतं, चौथ्या सीटवरची मैत्रीण म्हणाली, "अगं, ब्लूटूथ चालू कर, पाठवते." घाटकोपर यायच्या आत फाइल आली, आणि त्याच आठवड्यात मी ती आणखी दोघीतिघींना दिली. जाहिरात मी कुठे पाहिली नव्हती.

पुढे त्यात बेस्टच्या बसचे मार्ग आले, रविवारच्या मेगाब्लॉकची खबर आली. रिक्षाच्या भाड्याचं कोष्टक आलं, ते तर फारच उपयोगी पडलं. जुने यांत्रिक मीटर 1.00 पासून आकडा दाखवत आणि खरं भाडं टॅरिफ कार्डावर बघावं लागे. ते मळकट कार्ड रिक्षावाल्याच्या हातात. मुकाट पैसे मोजण्यावाचून गत्यंतर नसे. कोष्टक स्वतःच्या फोनात आल्यावर बायका ठामपणे हिशेब सांगू लागल्या. नाटकांचे प्रयोगही त्यात दिसू लागले, हे खास मराठी माणसाच्या गरजेचं.

असं ॲप एकदा बनवून भागत नाही. आज मध्य आणि पश्चिम मिळून दिवसाला तीन हजारांहून जास्त फेऱ्या होतात. नवं वेळापत्रक लागलं की कुठे दोन मिनिटं सरकतात, कुठे बारा डब्यांची गाडी पंधरा डब्यांची होते. यातली एक वेळ चुकली तर कुणाची तरी शेवटची कर्जत चुकते. ॲप बनवणाऱ्याच्या कल्पकतेचं कौतुक सगळे करतात. वर्षानुवर्षं वेळा दुरुस्त करत राहण्याचं कष्टाचं काम मला त्याहून मोठं वाटतं.

2022 साली मध्य रेल्वेच्या 'यात्री' ॲपवर लोकल नेमकी कुठे आहे ते दिसू लागलं. एम-इंडिकेटरमध्ये त्याआधीच प्रवाशांचं चॅट सुरू झालं होतं. पावसाळ्यात गाड्या रखडल्या की कोण कुठे अडकलंय, पाणी कुठे भरलंय, ते तिथे प्रवासीच एकमेकांना कळवतात.