आल्टो संगणकाची बखर व त्याचे अस्सल कागद

बखर व अस्सल कागद यांत विरोध आला असतां कागदास मान द्यावा, हा इतिहाससंशोधनाचा दंडक वाचकांस परिचित आहे. अर्वाचीन यंत्रांच्या इतिहासासही तोच दंडक लावणें अवश्य आहे, हें झेरॉक्स कंपनीच्या ‘आल्टो’ या वर्कस्टेशनच्या उदाहरणावरून दाखविण्याचें आम्ही येथें योजिलें आहे.

लोकांत रूढ झालेली बखर अशी कीं, झेरॉक्सच्या संशोधकांनीं एक अपूर्व यंत्र निर्माण केलें. कंपनीस त्याचें मोल कळलें नाहीं. आणि १९७९ च्या डिसेंबरांत अ‍ॅपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स यांनीं एका भेटींत तें पाहून त्यांतील सर्व सार उचलून नेलें. हीं तीन विधानें क्रमानें तपासूं.

कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें झेरॉक्सनें १९७० सालीं संशोधन-केंद्र स्थापिलें. त्या काळीं एका मोठ्या संगणकावर अनेकांनीं वेळ वांटून घेऊन काम करावें अशी पद्धति होती. बटलर लॅम्पसन यांचें १९ डिसेंबर १९७२ चें टिपण उपलब्ध आहे. स्वस्त व समर्थ व्यक्तिगत संगणक उपयुक्त असतात हें आपलें मत खरें असेल, तर आल्टोवर तें सिद्ध करून दाखवितां येईल, असा त्याचा आशय आहे. यंत्राचा आराखडा चार्ल्स थॅकर यांनीं केला व १९७३ सालीं पहिलें यंत्र चालूं झालें.

यंत्राचा पडदा कागदाच्या पानाप्रमाणें उभा असून त्यावर रुंदींत ६०६ व उंचींत ८०८ बिंदु होते. प्रत्येक बिंदूस मेमरींतील एक बिट, या हिशेबानें ४,८९,६४८ बिट, म्हणजे सुमारें ६० किलोबाइट होतात. आरंभीच्या यंत्राची एकूण मेमरी १२८ किलोबाइट. अर्थात् जवळजवळ निम्मी मेमरी केवळ पडद्यावरील चित्रासाठीं खर्ची पडे. प्रोसेसर एका चिपवर मावणारा नव्हता. अनेक सुट्या चिप जोडून तो बनविलेला असे, आणि पडदा, डिस्क व जाळें यांचीं कामेंही तोच आळीपाळीनें करी. मेमरी महाग असतां हा व्यय पत्करला, हेंच आमच्या मतें आल्टोचें खरें वैशिष्ट्य होय. त्यामुळेंच १९७४ सालच्या ‘ब्राव्हो’ या लेखन-प्रणालींत छापील पानाचें रूप पडद्यावरच पाहतां येऊं लागलें.

परंतु त्यांतील सर्वच कांहीं नवें नव्हतें. माउस ही डग्लस एंगेलबार्ट यांची कल्पना. त्यांनीं ती ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें जाहीरपणें दाखविली होती. येथें पहिलें विधान मर्यादित होतें.

दुसरें विधान तर टिकतच नाहीं. याच केंद्रांतील गॅरी स्टार्कवेदर यांच्या लेझर-मुद्रणावर आधारलेलें ९७०० हें यंत्र झेरॉक्सनें १९७७ सालीं बाजारांत आणिलें व त्यावर मोठी प्राप्ति केली. आल्टोचा वारस ‘स्टार’ हा १९८१ च्या एप्रिलांत विक्रीस आला. त्याची किंमत १६,००० डॉलरांहून अधिक होती, व सामायिक मुद्रणयंत्र आणि जाळें यांचा खर्च निराळा. मोल कळलें होतें. मोल फार ठेविलें, हा दोष होता.

आतां तिसरें. अ‍ॅपलचा ‘लिसा’ प्रकल्प १९७८ सालीं व ‘मॅकिंटॉश’ प्रकल्प जेफ रॅस्किन यांच्या हातून १९७९ सालीं, म्हणजे दोन्ही या भेटीपूर्वींच सुरू झाले होते. भेटही चोरून झाली नव्हती. अ‍ॅपलचे समभाग घेण्याची संधि झेरॉक्सला तींत मिळाली होती. अ‍ॅलन के यांचा व्यक्तिगत संगणकावरील लेख १९७७ च्या सप्टेंबरांत ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत छापून आला होता. लॅरी टेस्लर १९८० सालीं अ‍ॅपलकडे, चार्ल्स सिमोनी १९८१ सालीं मायक्रोसॉफ्टकडे गेले. स्टॅनफर्ड विद्यापीठास आल्टो यंत्रें मिळालीं. तेथें अँडी बेख्टोल्शाइम यांनीं त्या धर्तीवर रचिलेल्या वर्कस्टेशनमधून १९८२ सालीं सन मायक्रोसिस्टिम्स कंपनी निघाली. भेटीचा परिणाम झालाच नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु विद्या एका दुपारीं उचलली गेली नाहीं. ती माणसें, लेख व यंत्रें यांच्या द्वारें पसरली.

१९८४ च्या मॅकिंटॉशची मेमरीही १२८ किलोबाइटच होती. परंतु त्याचा लहान पडदा तींतील सुमारें २१ किलोबाइट घेई, प्रोसेसर एका चिपवर आला होता, आणि किंमत २,४९५ डॉलर होती. मधल्या अकरा वर्षांत जें घडलें तें हेंच.

बखर दोन नांवें सांगते, एक भोळ्याचें व एक चतुराचें. कागद अनेकांचीं नांवें सांगतात. २०१४ सालीं माउंटन व्ह्यू येथील संगणक-इतिहास संग्रहालयानें आल्टोची मूळ प्रणाली-लेखनें अभ्यासकांस खुलीं केलीं, हें म्हणूनच मोठें कार्य होय. जुन्या दफ्तरांप्रमाणें यंत्रांचींही दफ्तरें जतन झालीं नाहींत, तर श्रेय ज्याचें त्यास देण्याचें साधनच पुढील अभ्यासकाच्या हातीं उरणार नाहीं.