छपराची निगा : पूर्णाकाठची आणि समुद्रकाठची

जीर्णोद्धाराचा सोहळा गावाच्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा येतो. जीर्ण होणे मात्र रोज चालू असते. कलशारोहण झाले की दुसऱ्या दिवसापासूनच ऊन, वारा आणि पाऊस आपापल्या कामाला लागतात आणि त्यांचा पहिला घाव वरून, म्हणजे छपरावर बसतो. देवस्थानाचा महिमा आणि उत्सवांची परंपरा यांविषयी या स्मरणिकेत अधिकारी मंडळी लिहितीलच. प्रस्तुत लेखात आपल्या भागातील छपरांचा आणि त्यांच्या निगेचा थोडासा इतिहास सांगावयाचा आहे. घर माणसाचे असो वा देवाचे, त्याचा वैरी पाणी हाच, आणि त्याची राखणही एकाच रीतीने होते.

धाबे

अकोला-अमरावतीच्या सपाट मुलखात वर्षाकाठी साधारण ७०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्याही वर चढतो. पाऊस बेताचा आणि ऊन मात्र जीव घेणारे, अशा मुलखात आपल्या पूर्वजांनी मातीचे सपाट छप्पर, म्हणजे धाबे पसंत केले. भक्कम सर, त्यावर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा दाट थर, त्यावर चिखल आणि सर्वांत वर धुमसाने ठोकून बसविलेली माती, अशी ही रचना. छपराला किंचित उतार देऊन पाणी परनाळ्यांतून बाहेर काढीत. मातीच्या जाड थरामुळे वैशाखातही आत गारवा राही.

परंतु धाब्यावर कोणतीही माती चालत नसे. आपल्याकडे शेतशिवाराला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणतात. काळी माती कपाशीला उत्तम, पण छपराला कुचकामी. ती पाण्याने फुगते, उन्हात आकसते आणि तिला भेगा पडतात. पांढरी माती फारशी फुगत नाही, म्हणून ती धाब्यावर चढे. खानदेशापासून पूर्णाकाठापर्यंत याच कामासाठी खारी मातीही वापरीत. क्षारयुक्त मातीचे बारीक कण पाणी पडताच सुटे होऊन छिद्रे बुजवितात, त्यामुळे वरचा थर पाणी धरीत नाही. शिवाय खारेपणामुळे त्यावर गवतही कमी उगवते. हे कोणत्या पुस्तकात वाचून नव्हे, तर पिढ्यान् पिढ्या पाहून लोकांना कळले होते.

धाब्याला दरवर्षी हात लागावाच लागे. अखाजी झाली की गवत उपटावयाचे, उंदरांची बिळे बुजवावयाची, परनाळे मोकळे करावयाचे आणि मातीचा नवा थर देऊन तो ठोकावयाचा. त्यातही जाणत्या घरी एक पथ्य पाळीत. माती वर्षानुवर्षे नुसती चढवीत गेल्यास छपराचे वजन वाढते आणि सर वाकतात, म्हणून अधूनमधून जुना थर खरवडून खाली उतरवीत. हे पथ्य ज्यांनी सोडले त्यांचे धाबे एखाद्या झडीत बसले. अशा धाब्याखाली माणसे दगावल्याच्या गोष्टी जुन्या गावांतून आजही ऐकावयास मिळतात.

कवेलू

मेळघाटच्या अंगाला पाऊस जास्त. तेथे मातीचे धाबे टिकावयाचे नाही. तिकडे, आणि सपाटीवरही ज्याला उतरते छप्पर हवे त्याच्याकडे, कवेलू आले. गावचा कुंभार चाकावर निमुळती नळी काढी, ती ओली असतानाच उभी चिरून दोन भाग करी आणि आव्यात भाजी. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी, अशी ती बसविली की पाणी पागोळ्यांनी खाली येई.

कवेलूचे घरही दरवर्षी फेरावे लागे. सर्व कवेलू उतरवून फुटके बाजूला करावयाचे, कुजलेल्या कामट्या बदलावयाच्या, उधई लागलेला वासा काढावयाचा आणि पुन्हा नीट ओळी लावावयाच्या. हे काम एकट्याचे नव्हे. एक जण वर, एक शिडीवर, एक खाली. शेजारी आज माझ्याकडे आला की उद्या मी त्याच्याकडे जावयाचे. कुंभाराचे नवे कवेलू आणि सुताराचे हात बलुत्यात मिळत. थोडक्यात, छप्पर गावच्या देवाणघेवाणीवर उभे होते. बलुते मोडले, कुंभाराच्या मुलांनी दुसरे धंदे धरले आणि फेरण्याला मजुरी मोजण्याची वेळ आली. त्यात वानरांच्या टोळ्यांनी कवेलू फोडण्याचा उच्छाद मांडला. मग लोकांचे लक्ष टिनाकडे वळले.

रेल्वेबरोबर आलेली छपरे

मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा यांवरून १८६७ साली नागपूरला पोचली. कापूस बाहेर जाऊ लागला आणि परतीच्या वाटेने परका माल आत आला. पन्हळी पत्र्याचा शोध १८२९ साली लंडनमध्ये लागला होता आणि लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या कृतीचे पेटंट १८३७ साली फ्रान्समध्ये घेतले गेले होते. या दोहोंच्या मिलाफातून आपले 'टीन' तयार झाले. आपल्याकडे ते आधी जिनिंग-प्रेसिंगच्या शेडवर दिसले आणि मग हळूहळू घरांवर आले. १८६५ साली मंगळूर येथे बासेल मिशनने यंत्रावर कौले पाडण्याचा कारखाना काढला. तीच ती खाचेत खाच बसणारी मंगलोरी कौले. शाळा, चावड्या आणि सुखवस्तू घरे यांवर ती आजही कोठे कोठे टिकून आहेत.

टिनाने दरवर्षीचे फेरणे वाचले, पण निगा संपली नाही. पत्र्याचा खिळा पन्हळीच्या उंचवट्यावरच मारावा लागतो; खळग्यात मारल्यास तेथूनच पाणी उतरते. खिळ्याखालचा वायसर उन्हाने कडक होऊन फुटतो. जेथे जस्त खरवडले जाते तेथून गंज सुरू होतो. आणि रोहिणीच्या सुमारास वावधान सुटले की सैल पत्रा पानासारखा उडतो. नुसते दगड ठेवून तो थांबत नाही. उलट उडालेल्या पत्र्याबरोबर दगडही उडतो आणि अपघात होतो.

समुद्रकाठचा धडा

आपल्यापैकी पुष्कळ मंडळी यात्रेच्या निमित्ताने गणपतीपुळे, हरिहरेश्वर येथे जाऊन आली असतील. तेथील घरे त्यांनी जरूर आठवावीत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, म्हणजे आपल्या तिपटीहून जास्त. म्हणून तेथील छप्पर चांगलेच उतरते, वळचण खाली आलेली, आणि भिंती जांभ्या दगडाच्या. पश्चिमेचा पाऊस आडवा मारतो, म्हणून माडाच्या झावळ्या विणून भिंतींना बाहेरून आडोसा करण्याची जुनी चाल आहे. मृगापूर्वी कौले उतरवून, साफ करून पुन्हा लावतात. त्याला तिकडे शाकारणी म्हणतात. आपले फेरणे ते त्यांचे शाकारणे.

पण समुद्रकाठच्या माणसाला पावसाखेरीज आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारा वारा. लाटांचे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात आणि मिठाचा अंश छपरावर बसतो. मीठ हवेतली ओल धरून ठेवते. जस्ताचा थर लवकर खाल्ला जातो आणि मग लोखंड उघडे पडते. भाजलेल्या कौलाला खारी हवा सहसा बाधत नाही, पण ते धरून ठेवणारा खिळा आणि तार मात्र ती खाते. म्हणून तेथील जाणता गृहस्थ कौल पाहण्याआधी खिळा पाहतो.

या सर्वांची परीक्षा ३ जून २०२० रोजी झाली. त्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर श्रीवर्धन-दिवेआगरच्या भागात येऊन धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मृगाला चारच दिवस उरले होते. कौले उडाली, पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वरून पावसाळा उभा आणि करोनाच्या टाळेबंदीमुळे माणूस व माल दोन्ही मिळणे कठीण. कित्येक कुटुंबांनी ताडपत्रीखाली दिवस काढले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' वादळ याच किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. वादळात वारा वळचणीखालून छप्पर उचलतो आणि वरून त्याला ओढतो. सर्वांत जास्त ओढ कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याला बसते. एक कडा सुटली की बाकीचे छप्पर सोडवावयास वाऱ्याला वेळ लागत नाही. तेव्हा छपराच्या मध्यापेक्षा कडेची बांधणी अधिक भक्कम हवी, हा त्यातला धडा. आपल्या वावधानालाही तो तितकाच लागू आहे.

आपल्या दारचे मीठ

वाचकहो, समुद्र आपल्यापासून शेकडो कोस दूर असला तरी मीठ आपल्या पायाखालीच आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्याला आपण खारपाणपट्टा म्हणतो तो उगीच नाही. येथील विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठही काढीत असत. हेच मीठ ओलीबरोबर भिंतीत चढते, पाणी सुकले की आतल्या आत त्याचे खडे होतात आणि गिलावा फुगून गळतो. यालाच आपण 'लोणा लागला' म्हणतो.

जुन्या काळी खारी माती धाब्याचे रक्षण करी. आज छपराचा जिन्नस बदलला आहे. स्लॅबमध्ये लोखंडी सळई असते. खाऱ्या विहिरीच्या पाण्यात काँक्रीट कालविले किंवा त्याच पाण्याने ते भिजविले, तर मिठाचा अंश सळईपर्यंत पोचतो. सळई गंजते, गंजून फुगते आणि खालून काँक्रीटचे पोपडे सुटतात. समुद्रकाठी जे काम खारा वारा करतो, तेच आपल्याकडे खारे पाणी करते. जे मीठ आजोबांच्या छपराचा मित्र होते, ते नातवाच्या छपराचा वैरी ठरले आहे. 'स्लॅब टाकला, आता शंभर वर्षे पाहावयास नको' हा समज म्हणून घातक आहे.

देवळाचे छप्पर

आपल्या भागातील जुनी दगडी देवळे आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. बार्शीटाकळीचे देऊळ तर बाराव्या शतकातले, म्हणजे यादवांचा प्रधान हेमाद्री याच्याही आधीचे आहे. लोणारचे दैत्यसूदन मंदिर सर्वांस ठाऊकच आहे. सांध्यात चुना न घालता दगडावर दगड बसविलेल्या या देवळांना पावसापेक्षा मोठी भीती असते ती एका बीजाची. पक्ष्याच्या विष्ठेतून शिखराच्या फटीत पिंपळाचे बी पडते. पहिल्या वर्षी ते दोन पानांचे रोप असते, लहान मूलही ते उपटू शकेल. दहा वर्षांनी त्याची मुळे दगड सरकवितात. पिंपळाला हात लावू नये म्हणून माणसे ते तसेच ठेवतात. भावनेचा मान राखावयाचा तर रोप लहान असतानाच मुळासकट काढून नदीकाठी लावावे. पिंपळही वाचेल आणि देऊळही.

या मातीने गाडगेबाबांसारखा महापुरुष दिला. १८७६ साली शेंडगाव येथे त्यांचा जन्म झाला आणि मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाच्या घरी ते वाढले. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडावयाचे आणि रात्री कीर्तन करावयाचे, हा त्यांचा क्रम होता. आधी झाडणे, मग कीर्तन. देवळाच्या छपरालाही हाच क्रम लावावा असे वाटते.

तेव्हा ग्रामस्थ बंधू-भगिनींना आणि दात्यांना नम्र सूचना अशी की, या कामातून उरलेल्या निधीतील काही रक्कम छपराच्या निगेसाठी वेगळी ठेवावी आणि ती दुसऱ्या कामाला वापरू नये. दरवर्षी अखाजी ते रोहिणी या दिवसांत एक दिवस ठरवून गावाने देवळावर चढावे. पाण्याच्या पाइपांची तोंडे मोकळी करावीत, शिखरावरील रोपे काढावीत, स्लॅबच्या भेगा भराव्यात, सभामंडपाच्या पत्र्यांचे खिळे व वायसर पाहावेत. पुढे कधी काँक्रीटचे काम निघाले तर खाऱ्या विहिरीचे पाणी वापरू नये. काय केले, किती खर्च आला, कोण आले होते, हे एका वहीत लिहून ठेवावे. आणि जमल्यास त्याच आठवड्यात गावातील एखाद्या निराधार म्हातारीचेही छप्पर सर्वांनी मिळून नीट करून द्यावे. शेजाऱ्याच्या छपरावर चढण्याची जुनी रीत त्या निमित्ताने पुन्हा सुरू होईल.

दात्यांची नावे पाटीवर कोरली जातील, ते योग्यच आहे. त्या वहीत मात्र रिकाम्या हाताने येणाऱ्यालाही दरवर्षी आपले नाव लिहिता येईल.