नैसर्गिक वायूची प्रत आणि गॅस टर्बाइन

दाभोळहून बंगळूरूकडे जाणाऱ्या वायुवाहिनीची एक शाखा गोव्यापर्यंत येते. वाहिनीतील पदार्थाला आपण सरसकट ‘नैसर्गिक वायू’ म्हणतो. पण त्याची घडण सर्वत्र सारखी नसते. मिथेन हा मुख्य घटक, आणि त्यासोबत इथेन, प्रोपेन, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड यांचे प्रमाण क्षेत्रागणिक बदलते. कतारहून दहेज बंदरात येणाऱ्या द्रवरूप वायूत इथेन व प्रोपेन इतके असते, की ते वेगळे काढण्यासाठी ओएनजीसीने तेथे स्वतंत्र प्रकल्प उभारला. घरच्या शेगडीला हा फरक जाणवत नाही, गॅस टर्बाइनला मात्र जाणवतो.

टर्बाइनच्या दृष्टीने निव्वळ उष्मांक पुरेसा बोलका नाही. ठरावीक दाबाखाली ठरावीक छिद्रातून किती उष्णता आत जाईल, हे वायूच्या घनतेवरही अवलंबून असते. म्हणून उष्मांकाला सापेक्ष घनतेच्या वर्गमुळाने भागून येणारा ‘वॉब्बे निर्देशांक’ वापरतात. शुद्ध मिथेनमध्ये दहा टक्के इथेन मिसळले तर उष्मांक साडेसात टक्क्यांनी वाढतो, निर्देशांक जेमतेम तीन टक्क्यांनी. त्याउलट दहा टक्के कार्बन डायऑक्साइड आले तर उष्मांक दहा टक्क्यांनी उतरतो, पण निर्देशांक तब्बल सतरा टक्क्यांनी कोसळतो. अनेक टर्बाइनना सुमारे पाच टक्क्यांचाच चढउतार मानवतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते.

येथे एक विरोधाभास आहे. हलक्या प्रतीच्या वायूने वीज कमीच मिळेल, अशी सर्वसाधारण समजूत असते. वास्तविक तेवढीच उष्णता देण्यासाठी अधिक वजनाचा वायू जाळावा लागतो, आणि हे जादा वस्तुमान कॉम्प्रेसरला न दाबताच टर्बाइनच्या पात्यांवर येते; त्यामुळे उत्पादन किंचित वाढतेही. मात्र त्याने कॉम्प्रेसरवरील उलटदाब वाढून तो अस्थिर होण्याची शक्यता बळावते. म्हणजे हा लाभ फुकटचा नव्हे.

नायट्रोजन ऑक्साइड रोखण्यासाठी इंधन व हवा आधीच मिसळणारे आधुनिक ज्वलनकक्ष अधिक हळवे आहेत. जड हायड्रोकार्बन वाढले की ज्योत मागे सरकून बर्नर भाजू शकते. निर्देशांक घसरला की ज्योत डळमळते, कक्षात दाबाची कंपने उठतात आणि प्रसंगी ती विझते.

सर्वांत दगाबाज म्हणजे द्रवाचे थेंब. दाब कमी करताना वायू दर बारला साधारण अर्धा अंश सेल्सिअस थंड होतो. वीस बार उतरवले तर दहा अंश. तेवढ्यात जड घटक थिजून थेंब झाले, तर ते भलत्याच जागी पेटून पाती जाळतात. यासाठी वायू त्याच्या दवबिंदूपेक्षा सुमारे २८ अंश अधिक तापवून देण्याचा दंडक आहे. गंधकाचे संयुग आणि समुद्री हवेतील सोडियम एकत्र आले की तप्त पात्यांवर सोडियम सल्फेट साचून धातू गंजतो. किनाऱ्यावरील केंद्रांनी हवेची गाळणीही वायूइतकीच जपावी लागते.