हिरव्या पानाच्या अभ्यासाकडे: प्रस्तावना

पऱ्हाटीच्या बोंडातून फुटणारा कापूस वऱ्हाडाने नेहमीच काळ्या मातीच्या खाती जमा केला. मातीचा वाटा मोठा आहेच. पाणी ती धरून ठेवते, खनिजे ती पुरवते. पण कापसाचा धागा म्हणजे बहुतांशी सेल्युलोज, आणि त्यातला कार्बन येतो हवेतून. त्या हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम चार भाग. एवढ्या विरळ वायूतून अकोल्याच्या जिनिंगपुढचे कापसाचे ढीग उभे राहतात, याहून नवलाची गोष्ट मला तरी आमच्या मुलखात दुसरी दिसत नाही. हे पुस्तक त्या नवलाचा माग काढते.

हे काम चालते हरितलवकांत. त्यांच्या आतल्या पटलांवर हरितद्रव्य प्रकाश टिपते; तिथेच पाण्याचे विघटन होते आणि आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन बाहेर पडतो. पटलांभोवतीच्या द्रवात रुबिस्को नावाचे विकर कार्बन डायऑक्साइड पकडते आणि त्यापासून शर्करा घडू लागते. शाळेत हे सगळे एका समीकरणात उरकले जाते. त्याने विषयाचे फार नुकसान झाले आहे, कारण खरी गंमत पिकापिकांतल्या फरकात आहे.

रुबिस्कोत एक खोट आहे: ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनही धरते. पावसाने ताण दिला, ऊन तापले, की पाणी वाचवण्यासाठी पानाची पर्णरंध्रे मिटू लागतात, आत कार्बन डायऑक्साइड कमी पडतो आणि ही चूक वाढते. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, वरुड-मोर्शीकडचा संत्रा, सगळ्यांना हा तोटा सोसावा लागतो. ज्वारीने मात्र वाट काढली आहे. तिच्या पानात बाहेरच्या पेशी दुसऱ्या विकराने कार्बन डायऑक्साइड चार कार्बनांच्या आम्लात बांधतात. ते आम्ल शिरेभोवतीच्या पेशींकडे जाते, तिथे वायू पुन्हा मोकळा होतो आणि त्याच्या दाटीत रुबिस्कोला ऑक्सिजनकडे वळायला फारसा वाव राहत नाही. रंध्रे थोडी उघडी ठेवूनही ज्वारीचे भागते. दर्यापूर-अकोटकडच्या खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचे पाणी खारे आणि शेती पावसाच्या भरवशावर, तिथे या काटकसरीचे मोल मी वेगळे सांगायला नको. शिरेभोवतीचे हे कडे हाबरलांट यांनी १८८४ मध्ये वर्णिले. त्याचे काम काय ते मात्र १९६० च्या दशकात उसाच्या पानावर उलगडले, हवाईत आणि मग ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांच्याकडून. धुऱ्यावरचा निवडुंग आणखी निराळा: तो रंध्रे रात्री उघडतो, वायू आम्लरूपात साठवतो आणि दिवसा उजेडात वापरतो.

गेल्या काही दशकांत अमरावती-अकोल्याच्या वावरांतून ज्वारी हटली, सोयाबीन आले. त्याची कारणे बाजारभावात, मजुरीत, पाखरांच्या त्रासात आहेत, आणि ती खोटी नाहीत. तरीही पाण्याच्या हिशेबात काटकसरी पान जाऊन खर्चिक पान आले, ही बाब पीकनियोजनाच्या चर्चेत फार कमी येते. ती यायला हवी. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात आहे. तिथे शिकणाऱ्या मुलामुलींनी हा प्रश्न आपला मानावा, असे मला मनापासून वाटते.

पुस्तक वाचायला दहावीचे रसायनशास्त्र पुरे. पानाच्या रचनेचे प्रकरण मात्र नुसते वाचू नका. श्रावणात ज्वारीचे आणि तुरीचे एकेक पान आणा, ब्लेडने पातळ आडवे छेद घ्या आणि कॉलेजातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवा. ज्वारीच्या शिरेभोवती गडद हिरवे कडे दिसेल, तुरीच्या दिसणार नाही. ते पाहून मगच पुढचे प्रकरण उघडा.