हंसा वाडकर: मालाडच्या स्टुडिओतली रतन

म्युनिकची २५ नंबरची ट्राम ग्रुनवाल्डला जाताना बावारियाफिल्मप्लात्झला थांबते. 'डास बूट'ची पाणबुडी दाखवायला आपण मुलांना तिथे नेतो. तो स्टुडिओ १९१९ मध्ये पेटर ओस्टरमायर यांनी सुरू केला. त्यांचे भाऊ फ्रान्झ ओस्टेन पुढे मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये दिग्दर्शक झाले. १९३९ मध्ये त्यांनी 'नवजीवन' केला. त्याची नायिका होती आपली हंसा वाडकर, वय अवघं सोळा.

तिचं खरं नाव रतन साळगावकर. वडील दारूच्या आहारी गेलेले, घरात पैशाची ओढाताण. म्हणून शाळा सुटली आणि पोर कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. १९३६ चा 'विजयाची लग्ने' हा पहिला चित्रपट. साळगावकर हे नाव पडद्यावर नको, म्हणून आडनाव बदललं. मुलीची कमाई मात्र घरात चालत होती! कोवळ्या वयात लग्न झालं, पण काम थांबलं नाही. संसार करायची तिची इच्छा होती, नवऱ्याला मात्र तिची मिळकत हवी होती.

तिकडे युद्ध पेटलं. ओस्टेन नाझी पक्षाचे सभासद. इंग्रजांनी त्यांना अटक केली आणि त्यांचं मुंबईतलं काम संपलं. हंसाबाई प्रभातमध्ये गेल्या, 'संत सखू' झाल्या. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी'ने त्यांना घराघरांत नेलं. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये १३१ आठवडे चालला. आपल्यापैकी कित्येकांच्या आज्यांनी तो बैलगाडीने जाऊन पाहिला असेल.

गरिबीतून वर आलेली नटी म्हणून त्यांची गोष्ट इथेच संपवता येईल. पण मला खरं धाडस पुढे दिसतं. त्याच नावाचं आत्मचरित्र त्यांनी अरुण साधूंना सांगितलं. १९७० मध्ये पुस्तक आलं. दारू, मारहाण, घर सोडून जाणं, स्वतःच्या चुका, काही झाकलं नाही. देवाधर्माच्या भूमिका करणाऱ्या बाईने त्या काळात हे बोलायचं म्हणजे काय, विचार करा. नाव मिळालं, पैसा मिळाला, तरी तो खर्च कुणी करायचा हे बहुतेक वेळा दुसरेच ठरवत, हे त्या पानापानांतून कळतं.

त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये 'भूमिका' काढला. स्मिता पाटीलना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलं जरा मोठी असतील तर यंदाच्या थंडीत त्यांच्यासोबत बसून बघा. आधी मात्र त्यांना मालाड नकाशावर दाखवा, आणि ट्रामचा तो थांबाही.