सुकतीच्या वेळी निघा

सुकती लागली की निघा. पाणी मागे सरल्यावर वाळू घट्ट होते, पाय रुतत नाहीत, आणि मालवणहून देवबागच्या टोकापर्यंत दहा-बारा किलोमीटरची वाट म्हणजे हीच वाळू. साल 1665, महिना फेब्रुवारी. उन्हं चढायच्या आत जितकं कापाल तितकं बरं.

किनारा तुम्हाला उघडा वाटेल. तुमच्या ओळखीची सुरूची बनं इथे नाहीत. ती यायला अजून दोनशे वर्षं लागतील. माड आहेत, उंडीची काळपट सावली आहे, केवड्याची काटेरी बेटं आहेत आणि वाळूवर पसरलेल्या मर्यादवेलीला जांभळी फुलं आली आहेत.

मोरयाच्या धोंड्यापाशी मात्र थांबा. खडकात गणपती कोरलेला आहे, सोबत चंद्र-सूर्य. गेल्या वर्षी, 25 नोव्हेंबरला, शिवाजी महाराजांनी इथेच पूजा केली आणि समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. बेटावरून आता धूर येतोय. पायात ओतायचं शिसं तापवताहेत. वाऱ्याबरोबर छिन्न्यांचा आवाज येतो, मध्येच लाटेत बुडतो, पुन्हा येतो.

दगड घेऊन निघालेला एक पडाव बघा. बेट नाकासमोर असताना तो आधी डावीकडे जातो, मग वळसा घेतो, थबकतो, पुन्हा वळतो. जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याला कारण विचारा. तो मान वर न करता म्हणतो, "खाली खडप आसा."

मग तुम्हालाही दिसू लागतं. ओहोटीच्या पाण्यात जागोजागी पांढरा फेस फुटतोय. जिथे फुटतोय तिथे खडक, आणि मधल्या अरुंद, गडद पट्ट्यांतून होड्यांची वाट. गोव्याहून पोर्तुगिजांचं मोठं जहाज आलं, तर ते या खडपांबाहेरच अडेल. याच समुद्रात व्यापाराचं गलबत हाकायला त्यांचा परवाना लागतो, उत्तरेला जंजिऱ्याचा सिद्दी बसला आहे, दक्षिणेला वेंगुर्ल्यात डचांची वखार आहे. अशा ठिकाणी बेट निवडायला राजाची नजर हवीच. पण खडपातली वाट इथल्या दर्यावर्दी गाबितांच्या आणि भंडाऱ्यांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, आणि माझ्या मते सिंधुदुर्गाचा पहिला तट तीच. किल्ल्याचं वर्णन वाचताना हे निसटतं. इथे तासभर पाण्याकडे बघत चाललात की निसटत नाही.

बंदरात आरमार जमलंय. गलबतांवर पाण्याची पिंपं आणि तांदळाची पोती चढताहेत. याच महिन्यात महाराज स्वतः इथून समुद्रमार्गे बसरूर बंदरावर स्वारीला जाणार आहेत.

पुढे वायरी, मग तारकर्ली. सरळ, पांढरी वाळू आणि डोक्यावर ऊन. चालत राहा.

रापणीचं जाळं ओढणारी माणसं दिसली की वेग कमी करा. कुणीतरी तुम्हाला हाक मारेलच, कारण दोराला जितके हात लागतील तितके हवेच असतात. काथ्याचा ओला दोर तळहात सोलून काढतो. टाचा वाळूत रोवायच्या, सगळ्यांबरोबर मागे रेलायचं, दोन पावलं सरकायचं. जाळं काठाला लागतं तेव्हा पाणी चांदीसारखं उसळतं: तारले, बांगडे, एखादी कुर्ली. दोराला हात लावला म्हणून तुमच्याही पुढ्यात मूठभर मासळी पडते. "खंय जातलात?" एक बाई विचारते आणि उत्तराची वाट न बघता पेजेचा वाडगा पुढे करते. गरम पेज, बरोबर भाजलेला सुका बांगडा. उन्हातून आलेल्या माणसाला याहून चांगलं जेवण मला ठाऊक नाही.

देवबागला जमीन इतकी चिंचोळी होते की एका बाजूला समुद्राची गाज आणि दुसऱ्या बाजूला कर्लीचं संथ पाणी, दोन्ही एकाच वेळी. टोकाशी नदी समुद्राला मिळते. पलीकडे भोगव्याचा डोंगर. तारी होडी ढकलतोय. वाळूचा दांडा दर पावसाळ्यात जागा बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीची वाट यंदा चालत नाही, असं तो सांगतो. यंदाची वाट त्यानं दिवाळीनंतर बांबूनं चाचपून ठेवली आहे. भरती सुरू झालीय, त्याला घाई आहे. मासळी त्याच्या हातात द्या, हाच उतारा. होडीच्या मधोमध बसा.